बुवांच्या नंतर कोण?



माउली, तुमच्या गावात, गल्लीत किंवा चाळीत एखादे भजनी मंडळ असेलच. त्याचे अध्यक्ष कोण, असे विचारले तर तुम्ही क्षणात नाव सांगाल. त्यांच्यानंतर कोण, असे विचारले तर? बहुतेक जण हसतात आणि म्हणतात, "विठोबा बघेल." विठोबा बघतोच, त्यात शंका नाही. पण धर्मादाय कार्यालयाच्या अर्जावर सही करायला तो विटेवरून खाली उतरत नाही. ती कुणीतरी माणसानेच करावी लागते. वाकोल्यातल्या आमच्या मंडळावर ही वेळ गेल्या वर्षी आली. त्यात जे पाहिले ते तुमच्या कामी येईल, म्हणून लिहितो.

वाकोला म्हणजे सांताक्रूझ पूर्व. पश्चिम द्रुतगती मार्गावरचा पूल, दत्त मंदिर रोड, पलीकडे कलिन्याचे विद्यापीठ, मधून मिठी नदीला मिळणारा नाला, आणि डोक्यावर विमानतळाचा आवाज. कीर्तनात बुवा ऐन रंगात आले की हमखास एखादे विमान गरजत जाते. बुवा थांबतात, ते गेले की तिथूनच पुढे सुरू करतात. इथे कोकणातली, साताऱ्या-सांगलीकडची माणसे दोन-तीन पिढ्यांपूर्वी पोटासाठी आली. येताना टाळ घेऊन आली. आमच्या मंडळाची खोली सव्वादोनशे चौरस फुटांची. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, एकादशीला रात्रीचे भजन, वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताह. एवढेच असते तर सोपे होते. पण त्याच खोलीत सकाळी वर्तमानपत्रे, दुपारी म्हाताऱ्यांचा कॅरम, रविवारी मुलांचा मृदंगवर्ग, जूनमध्ये वह्यांचे वाटप. आमच्या घटनेतला उद्देश "धार्मिक, सांस्कृतिक व विरंगुळा" असा लिहिला आहे. ज्यांनी लिहिला ते गिरणी कामगार होते. त्यांना या तीन गोष्टी वेगळ्या वाटल्या नसाव्यात. आठ तास साच्यावर उभा राहिलेला माणूस टाळ घेऊन बसला की त्याला तिन्ही एकदमच मिळत असत.

आमचे बुवा एकतीस वर्षे अध्यक्ष होते. वय शहात्तर, गुडघे गेलेले. कार्तिकी एकादशीला भजन संपल्यावर त्यांनी उभे राहून सांगितले, "पाडव्यापर्यंत माणूस शोधा. मी तेव्हा चाव्या ठेवणार." सगळे म्हणाले, "बुवा, असे बोलू नका." बुवा म्हणाले, "मग कसे बोलू?" आणि खाली बसले. मी चिटणीस असल्यामुळे शोधाचे काम माझ्याकडे आले. माझ्या हाती साडेचार महिने होते.

आठवडाभर कुणाचाच हात वर आला नाही, तेव्हा मी खोलीबाहेरच्या फलकावर कागद लावला. मंडळासाठी अध्यक्ष हवा, इच्छुकांनी भेटावे. काही जुन्या मंडळींना ते आवडले नाही. अशी जाहिरात नोकरीसाठी देतात, सेवेसाठी नाही, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना पंढरपूरची गोष्ट सांगितली. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने श्रीविठ्ठल मंदिरातले बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले. कायदा १९७३ चा, पण त्याचा शेवट लागायला चाळीस वर्षे गेली. त्यानंतर त्याच वर्षी मंदिर समितीने देवाच्या पूजेसाठी पुजारी हवेत म्हणून जाहिरात दिली आणि सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. प्रत्यक्ष पांडुरंगाच्या गाभाऱ्यासाठी जाहिरात चालते, तर आमच्या सव्वादोनशे फुटांसाठी का चालू नये? यावर कुणी काही बोलले नाही. कागद राहिला.

कागद वाचून लोक विचारू लागले, "काम काय असते अध्यक्षाला?" आणि इथे मी अडलो, कारण ते बुवांखेरीज कुणालाच पुरते ठाऊक नव्हते. मग एका दुपारी वही घेऊन बुवांकडे बसलो. एकेक विचारत, एकेक लिहीत गेलो. पहाटे पावणेपाचला खोली उघडणे. समईचे तेल. मृदंगाची शाई उडाली की तो दुरुस्तीला नेणे. सप्ताहाला कीर्तनकार ठरवणे, आणि ऐनवेळी कुणी आले नाही तर स्वतः उभे राहणे. चौऱ्याऐंशी पहाऱ्यांची यादी करणे. हा आकडा बाहेरच्या माणसाला कळत नाही. सप्ताहाचे सात दिवस, दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा पहारे, आणि या सगळ्या वेळात वीणा जमिनीला टेकवायची नाही. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला माणूस मिळवणे हे आमदार निवडून आणण्यापेक्षा अवघड आहे. विजेचे बिल. सप्ताहाच्या मांडवाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी. ३१ मार्चला वर्ष संपले की सहा महिन्यांच्या आत हिशेब तपासून घेऊन अहवाल दाखल करणे. वर्गणी मागणे, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे न मागणे. कॅरमवरून दोन म्हाताऱ्यांत भांडण झाले की दोघांना चहा पाजणे. पुनर्विकासाच्या बैठकीला जाऊन मंडळाच्या खोलीचे काय, हे दर वेळी विचारणे. कुणी गेले की रात्री भजनाला माणसे जमवणे.

यादी पाच पाने झाली. बुवा म्हणाले, "एवढे होते होय?"

त्यात लिहिता न येणारेही होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. नाला फुगला, खोलीत छातीइतके पाणी आले. बुवांनी आधी वीणा बाहेर काढली, मग नोंदणीच्या प्रमाणपत्राची पत्र्याची पेटी. मृदंग गेले, सतरंज्या गेल्या, हार्मोनियम गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुडघाभर चिखलाच्या दारात उभे राहून सात जणांनी हरिपाठ म्हटला. हे कुठल्या रकान्यात लिहायचे?

ही यादी बघून माझ्या मनात एक गोष्ट आली. श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२ च्या सुमारास. मूळ आरफळचे, शिंदे सरकारच्या चाकरीत राहिलेले, म्हणजे फौजेची शिस्त पाहिलेले गृहस्थ. त्यांनी काय केले पाहा. घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांकडचे. भजनाच्या परंपरेत वासकरांसारखे फडकरी. चोपदारांचे काम चोपदारांकडे. रथापुढे कोणती दिंडी कुठे, मागे कोणती कुठे, हे ठरलेले. दिंडीतही पताकावाले पुढे, टाळकरी रांगेत, मृदंग आणि विणेकरी आपापल्या जागी, तुळशी डोक्यावर घेतलेल्या आयाबाया मागे. आळंदीला महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे, तिथे नमस्कार करून आपण आत जातो. ते गेले तेव्हा सोहळा थांबला नाही, कारण सगळा सोहळा त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर त्यांनी ठेवलाच नव्हता. आमच्या बुवांनी मात्र प्रेमापोटी सगळे अंगावर घेतले होते, आणि आम्ही आळसापोटी घेऊ दिले होते. मग नवा माणूस शोधायचा म्हणजे बुवांसारखाच दुसरा शोधायचा का? तसा मिळणारच नव्हता. बुवांच्या काळी गिरणीची पाळी संपली की माणूस मोकळा असे. आता अंधेरीला कामाला जाणारा विरारहून येतो आणि रात्री नऊला घरी पोचतो.

तरी चौकशीला माणसे आली. पहिले एक ठेकेदार. सप्ताहाचा सगळा खर्च मी करतो म्हणाले, आणि फलकावर विठोबाच्या शेजारी आपला फोटो किती मोठा येईल ते विचारले. माणूस वाईट नव्हता, मनाने उदारच होता. पण आम्ही वर्गणी वीस रुपयांपासून घेतो. एकाने सगळे दिले की वीस रुपयेवाला दारातून आत यायला संकोचतो, हे आम्ही दुसऱ्या मंडळात पाहिले होते. दुसरे एक निवृत्त अधिकारी, कागदपत्रांत हुशार, पण हरिपाठाला कधी येत नसत आणि पुढेही येणार नव्हते. त्यांना आम्ही हिशेबतपासणीच्या कामी मदत कराल का, असे विचारले. ते आनंदाने तयार झाले आणि आजही करतात. तिसरे नाव लोकांनीच घेतले, बुवांच्या मुलाचे. तो खारघरला राहतो. मी फोन केला. तो म्हणाला, "काका, बाबांचे नाव मला मिळालेय तेवढे पुरे. मी पहाऱ्याला येईन, मला अध्यक्ष करू नका." त्याचे मला कौतुक वाटते. घरातल्या घरात गादी फिरवणे आपल्याकडे फार सोपे होऊन बसले आहे, आणि नको म्हणणारा दुर्मीळ.

चौथे नाव आले ते एका ताईचे. तिने अर्ज केला नव्हता. रविवारच्या वर्गातल्या मुलांच्या आया माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, त्यांना का विचारत नाही? ताई पोळीभाजी केंद्र चालवते. चारला उठते, दोनशे-अडीचशे पोळ्या करून देते, मग मुलांना शाळेत सोडते. गेली नऊ वर्षे मुलांना टाळाची पावली तीच शिकवते. संध्याकाळचा हरिपाठ बुवा आजारी असले की तीच लावते. म्हणजे निम्मे काम ती करतच होती. फलकावर तिचे नाव नव्हते, इतकेच.

माउली, आता तुम्ही म्हणाल, यात अडचण कोणती? अडचण होती. बैठकीत एक म्हणाले, सप्ताहात वीणा कोण घेणार? दुसरे म्हणाले, आपल्यात तशी चाल नाही. मी ऐकून घेतले. पण मला सांगा, चौदाशे वर्षांच्या चांगदेवांना उपदेश करणारी मुक्ताई कोण होती? तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाई, नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाई, चोखोबांच्या घरच्या सोयराबाई, निर्मळा, यांची नावे आपण रोज भजनात घेतो. ज्यांचे अभंग म्हणताना आपण डोळे मिटतो, त्यांच्यासारखी एक समोर उभी राहिली की डोळे उघडून चाल शोधायची, हे मला तरी पटत नाही. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांनी आमच्या खोलीत येऊन आधी नऊ वर्षे मुलांना पावली शिकवावी, मग बोलू.

मी ताईकडे गेलो. तिने हात पुसत विचारले, "काका, एक चावी देणार की जुडगा?"

मला उत्तर देता येईना. तीच पुढे म्हणाली, "हरिपाठ लावायला, मुले सांभाळायला, प्रसाद करायला मी आहेच. त्यासाठी अध्यक्ष व्हायला नको. चेकवर सही माझी असेल, पुनर्विकासाच्या बैठकीला मंडळाच्या वतीने मी बोलेन, आणि हिशेबाची वही माझ्यासमोर उघडी असेल, तर विचार करते." मग तिने आपल्या अटी सांगितल्या. तीन वर्षेच, पुढे पुन्हा सभेने ठरवावे. पहाटे खोली उघडायला दुसरा माणूस, कारण त्या वेळी तिचा तवा तापलेला असतो. सप्ताहाच्या पहाऱ्यांना तिसरा. दर एकादशीला भजनाआधी महिन्याचा जमाखर्च सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. आणि दुपारी चारनंतर खोली मुलींना. "मुलगे नाक्यावर तरी खेळतात," ती म्हणाली, "मुलींनी कुठे बसायचे? विरंगुळा काय फक्त पेन्शनवाल्यांना असतो?"

मी घरी येऊन पाच पानांची यादी काढली आणि तिचे तुकडे केले. अध्यक्ष, पहाटेची सेवा, पहाऱ्यांची यादी, वाद्ये, कागदपत्रे. एकेका तुकड्याला माणूस लगेच मिळाला. पूर्ण यादीला साडेतीन महिने कुणी हात लावला नव्हता. पहाटेची खोली उघडायला रात्रपाळीवरून परतणारा एक सुरक्षारक्षक पुढे आला. म्हणाला, मी तसाही त्या वेळी तिथूनच जातो.

सभा फाल्गुनात झाली. बुवांनी एक युक्ती केली. वारीत मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती होते, ती तुम्ही पाहिली असेल. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो माणसे एका क्षणात शांत होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, आणि मगच आरती. मोठ्या आवाजात हरवणारी तक्रार ऐकू यावी म्हणून आधी सगळ्यांना गप्प करायचे, ही रीत आपल्या पूर्वजांनी शोधली. बुवा म्हणाले, आपणही तसेच करू. सगळ्यांनी टाळ घ्या. नाव वाचले की थांबा. ज्याला पटले नाही त्याने वाजवावे.

मी ताईचे नाव वाचले. टाळ थांबले. कोपऱ्यातला एक टाळ वाजत राहिला.

वाजवणारे आमच्यातले सर्वांत वयस्क, ब्याऐंशीचे आजोबा. मला वाटले, आता चालीरीतींचे निघणार. बुवा काठी टेकत त्यांच्यापाशी गेले, बसले, म्हणाले, "बोला." आजोबा म्हणाले, "बाईला माझी ना नाही. तिच्या हातच्या पोळ्या मी रोज खातो. पण चारनंतर खोली पोरींना दिली तर आम्ही कुठे जायचे? दहा बाय दहाचे घर, सून दमून येते, नातू अभ्यासाला बसतो. पाच वाजता मी घरात असलो की सगळ्यांची अडचण होते. ती कुणी बोलून दाखवत नाही, पण मला कळते."

खोली एकदम शांत झाली. विमानही गेले नाही. मंडळाची खोली म्हणजे काही जणांसाठी घराबाहेर काढलेले दोन तास असतात, हे आमच्या पाच पानांत कुठेच लिहिलेले नव्हते. ताई उठली, आजोबांच्या पाया पडली. आजोबांनीही वाकून तिच्या पायांना हात लावला, जसे आपल्यात लावतात. ती म्हणाली, "आजोबा, चार ते सहा मुली खेळतील, तुम्ही बसा की तिथेच. त्यांना कॅरम शिकवायला कोण आहे दुसरे?" आजोबांनी थोडा विचार केला. "खिडकीजवळची खुर्ची माझी," म्हणाले, आणि टाळ खाली ठेवला.

पाडव्याला बुवांनी चाव्या दिल्या. पुढचे काम कागदांचे, आणि ते तुम्हीही विसरू नका. माणूस बदलला तरी धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीत जुनेच नाव राहते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. सोबत सभेची नोटीस, ती सदस्यांना पोचल्याचा पुरावा, इतिवृत्त, जाणाऱ्याचा राजीनामा, येणाऱ्याची संमती. नोटीस आणि इतिवृत्त ज्या दिवशी होते त्याच दिवशी नीट लिहून सह्या घ्या. चार महिन्यांनी आठवून लिहू म्हटले की कुणाची सही मिळत नाही, कुणी गावाला गेलेला असतो, कुणी वैकुंठाला. आमचा अर्ज वरळीच्या धर्मादाय आयुक्त भवनात पस्तिसाव्या दिवशी दाखल झाला. बँकेतल्या सह्याही तेव्हाच बदलल्या. हे रुक्ष वाटेल. पण उद्या इमारत पडली आणि नव्या इमारतीत मंडळाला जागा द्यायची वेळ आली, तर समोरचा पहिला प्रश्न हाच विचारणार, की मंडळाच्या वतीने बोलणारे तुम्ही कोण? आमच्याकडे विमानतळामुळे उंचीच्या मर्यादा आहेत, बोलणी वर्षानुवर्षे चालतात. तोवर नोंदीत जिवंत आणि हजर माणसाचे नाव असलेले बरे.

सोडून देण्याबद्दलही एक बोलतो. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. तेव्हा बाबांची हयात होती, खराटा हातात होता. जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था १९१७ मध्ये काढली आणि १९२० मध्ये ते गेले. तीन वर्षांची संस्था! पण शिष्य तयार होते, म्हणून ती शंभरी ओलांडून उभी आहे. आमचे बुवा या थोरांच्या पंक्तीतले नव्हेत, त्यांना ही तुलना आवडणारही नाही. पण पाडव्यानंतर ते पंधरा दिवस मुद्दाम खोलीकडे फिरकले नाहीत. विचारले तर म्हणाले, "मी तिथे बसलो तर लोक तिला सोडून मलाच विचारतील." एकतीस वर्षे रोज पावणेपाचला उठलेला माणूस पंधरा दिवस अंथरुणात जागा पडून राहिला असेल. सोळाव्या दिवशी आले ते सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसले.

वरूथिनी एकादशीला ताईने पहिला जमाखर्च वाचला. वर्गणी, तेल, वीज, टाळांच्या दोऱ्या. "फिनेल, तीनशे चाळीस रुपये," एवढे वाचले आणि आजोबांनी खिडकीजवळच्या खुर्चीतून हात वर केला. एवढे फिनेल लागते कशाला? एक जण म्हणाला, नाल्याचा वास येतो म्हणून. दुसरा म्हणाला, अंधेरीला घाऊक बाजारात निम्म्यात मिळते. तिसऱ्याने निम्म्यात मिळते त्यात पाणी असते असे सांगितले. ज्यांनी एकतीस वर्षांत एकदाही वही मागितली नव्हती ते सगळे बोलू लागले. ताई वही धरून उभी राहिली, प्रत्येकाला उत्तर देत. भजन त्या रात्री वीस मिनिटे उशिरा सुरू झाले. दाराजवळ बुवा टाळ मांडीवर घेऊन बसले होते आणि खाली मान घालून हसत होते.